घरात बसा, पण सावड मोडू नका



२०२१ मध्ये पंधरा दिवसांत एकच प्रश्न इतक्यांदा कानावर आला की म्हटलं त्यावर लिहूनच टाकावं. "घरात बसा म्हणतेत, पण घरात बसून करायचं काय?" विचारणारे सगळे शेतकरीच. कुणी साठीतला, ज्याला पोरांनी शेतात जायची बंदी केली होती. कुणाच्या घरात एक जण पॉझिटिव्ह निघाला म्हणून अख्खं घर बंद. कुणी पुण्याहून कंपनी बंद पडल्यावर गावी आलेला, दिवसभर मोबाईलवर बोट फिरवत माळवदावर बसलेला.

शहरातल्या माणसाला सांगायला पुष्कळ जण आहेत. योगा करा, पुस्तकं वाचा, नवीन पदार्थ शिका, मित्रांना व्हिडिओ कॉल करा. चांगलंच आहे. पण आपलं घर म्हणजे चार भिंती नाहीत. आपल्या घरात गोठा आहे, कणगी आहे, वाटणीची विहीर आहे, वस्तीवरची मोटर आहे. आपल्याला घरात बसायला सांगितलं की निम्मं घर बाहेरच राहतं. म्हणून आपला विचार आपणच करायला पाहिजे.

माझं मत आधीच सांगतो. २०२१ मध्ये आपल्याकडं कामाची टंचाई नव्हती, बोलण्याची टंचाई होती. आणि ती टंचाई जीवावर बेतू लागली होती.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा रोग लांब होता. मुंबईत होता, पुण्यात होता. आपल्याकडं हरभरा, ज्वारी काढायची गडबड होती. शेतीच्या कामांना सूट मिळाली आणि आपण रानात राहिलो. बऱ्याच गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, दगड लावले. रोग बाहेरून येणार, त्याला वेशीवर अडवायचं, एवढंच डोक्यात होतं. २०२१ मध्ये १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. पण तेव्हा काट्या टाकायच्या कुठं? रोग गावाच्या आत होता, शेजारच्या वाड्यात होता. तेव्हा लग्न २५ माणसांत अन् २ तासांत उरकायचं होतं, दुकानं सकाळी ७ ते ११ होती, आठवडी बाजार बंद होता. हे सगळं आपण पाळत होतो, निदान पाळायचा प्रयत्न करत होतो.

पण नियमांमुळं काय काय बंद झालं ते एकदा मोजून बघा. पारावरची बैठक बंद. चहाची टपरी बंद. भजन बंद. बायकांची बचत गटाची बैठक बंद. बाजारात चार गावची माणसं भेटायची, तेही बंद. वरवर बघितलं तर या सगळ्या रिकामटेकड्या गप्पा. पण आपली सगळी माहिती त्या गप्पांतूनच फिरायची. लातूरला सोयाबीनचा भाव काय निघाला, कुणाच्या उसात हुमणी दिसली, कुणाची गाय फळली, कुणाकडं बियाणं चांगलं आहे. आणि त्याच गप्पांत हेही कळायचं, की अमका चार दिवस झाले दिसला नाही, बरा आहे ना?

ही शेवटची चौकशी बंद पडली तेच सगळ्यात महाग पडलं. आमच्या भागात माणूस ताप अंगावर काढतो. दोन दिवस उन्हाचा ताप म्हणतो, दोन दिवस टायफॉईड म्हणतो. तपासणीला जायला घाबरतो. कारण पॉझिटिव्ह निघालो तर गाव वाळीत टाकल्यागत करील, डेअरीवर दूध घेणार नाहीत, मजूर रानात येणार नाहीत ही भीती. मग आठव्या दिवशी धाप लागल्यावर गाडी शोधायची पळापळ. दुसऱ्या दिवशी जो गेला आणि आठव्या दिवशी जो गेला, त्या दोघांच्या नशिबात किती फरक पडला ते तुम्ही तुमच्या गावात डोळ्यांनी बघितलं असेल. मी जास्त लिहीत नाही.

जुनी माणसं साथीला नवखी नव्हती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काळात तो गावोगाव पसरला, तेव्हा लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. १९१८ ची साथ आली तिला आपल्याकडं मानमोडी म्हणायचे. मानमोडीवर तेव्हा लस नव्हती. पण लांब राहायचं हे त्यांना कळत होतं. आपल्या औसा तालुक्यानं ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप बघितला. त्या संकटात माणूस माणसाला बिलगला, एका पत्र्याखाली चार घरं राहिली. या रोगाचा वाईटपणा असा की त्यानं बिलगूही दिलं नाही. अंत्यविधीला जाऊ दिलं नाही, सांत्वनाला बसू दिलं नाही. म्हणून आधार द्यायची रीत बदलावी लागेल. आधार द्यायचाच सोडला तर मग आपलं काही खरं नाही.

रीत नवीन शोधायची गरजच नाही. आपल्याकडं सावड आहे. तुझे बैल माझ्या रानात, माझी माणसं तुझ्या रानात. एकाचं कोळपं अडलं तर इर्जिक घालून दहा औतं यायची आणि दिवसात रान मोकळं करून जायची. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक गेलं, सावड कमी झाली. पण मंडळी, अशा वेळी सावडीसारखं औषध नाही.

आमच्या वस्तीवर सात घरांनी मिळून ठरवून घेतलं आहे, ते सांगतो. पटलं तर घ्या, तुमच्या सोयीनं बदला.

एक. ज्याच्या घरी ताप, त्यानं त्याच दिवशी सात घरांत सांगायचं. सांगितलं म्हणून कुणी तोंड फिरवायचं नाही. सांगणाऱ्याला त्रास होणार असेल तर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही, एवढा साधा हिशोब आहे.

दोन. बंद घराची जनावरं आणि पाणी बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. गाय काही चौदा दिवस थांबत नाही. कडबा, पेंड ते घर फाटकाजवळ ठेवतं. धार काढायला एक जण तोंड बांधून जातो, हात धुतो, स्वतःची कॅन वापरतो, दूध डेअरीला जातं. मोटर चालू करायला घरातल्या रुग्णानं रात्री दोनला उठायचं नाही. रात्रीची पाळी असली की ज्याची मोटर जवळ, तो दोन्ही बघतो.

तीन. रोज सकाळी एक फोन. आज मी तुला, तू पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. फोन उचलला नाही तर बांधावरून हाक मारायची. हाकेलाही ओ आली नाही तर दारात जायचं.

कुणी म्हणेल, फोननं काय होतंय? फोननं ताप उतरत नाही हे मलाही कळतं. पण फोनवर आवाज ऐकू येतो. बोलताना माणसाला धाप लागतीय का ते कळतं. "जेवलास का" याला उत्तर द्यायला किती वेळ लागला त्यावरून पुष्कळ कळतं. आणि नुसतं शरीराचंच नाही. कर्ज डोक्यावर, घरात आजारी माणूस, बाहेर पडायचं नाही, असा माणूस रात्री छताकडं बघत पडलेला असतो. मराठवाड्यात अशा माणसाला एकटं सोडायचं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. त्याला सल्ला नको असतो. कुणीतरी रोज आठवणीनं विचारतंय एवढं त्याला पुरतं. फवारणीची पाळी आपण चुकवत नाही, तशी फोनचीही पाळी चुकवू नये.

आता घरातल्या कामाचं. घरात बसून करण्यासारखं सगळ्यात मोठं काम कोणतं असेल तर सोयाबीनची उगवण तपासायचं. २०२० च्या खरिपात काय झालं आठवा. पेरलं, पाऊस पडला, आणि उगवलंच नाही. राज्यभरातून हजारो तक्रारी गेल्या, दुबार पेरण्या झाल्या. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणीत पाऊस लागला. भिजलेल्या सोयाबीनचं बियाणं कसं असेल याचा भरवसा नाही. आणि २०२१ मध्ये भाव सात हजारांच्या पुढं गेल्यावर घरातलं बियाण्याचं पोतंही अडतीवर घालायचा मोह होत होता. हमीभाव ३,८८० होता हे लक्षात घेतलं तर मोह होणारच, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण जूनमध्ये बियाण्याची पिशवी किती रुपयांना मिळेल, मिळेल का नाही, आणि दुकान किती वेळ उघडं असेल याचाही विचार करा. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे. प्रमाणित बियाण्यापासून आलेला माल पुढची दोन वर्षं बियाणं म्हणून चालतो. घरात चांगलं आहे तर विकायची घाई करू नका.

चांगलं आहे का नाही हे तपासायला लॅब लागत नाही. चाळून, स्वच्छ करून सरसकट शंभर दाणे मोजून घ्या. निवडून टपोरे घेऊ नका, ती स्वतःचीच फसवणूक. गोणपाटाचा तुकडा धुवून ओला करा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा टाका, दोन्ही मिळून गुंडाळी करा, सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळ ठेवू नका, दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी उघडा आणि निरोगी कोंब मोजा. असे तीन नमुने लावा आणि सरासरी काढा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. पासष्ट असतील तर साडेबत्तीसच्या आसपास, साठ असतील तर ३५ किलो धरा. साठच्याही खाली गेलं तर ते पोतं बियाणं म्हणून वापरू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं आपटू नका, सात फुटांपेक्षा उंच थप्पी लावू नका. आणि पेरताना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका, दाणा ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका.

हे काम मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. कारण ते घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काम आहे. ज्याला पोरांनी रानात जायची बंदी केली, त्या आबांना सांगा, "आबा, शंभर दाणे मोजून लावा, रोज पाणी तुमच्याकडं." बघा कसे कामाला लागतात. ज्यानं पन्नास पेरण्या केल्या त्याला आपण खाटेवर बसवून टीव्हीवर मेलेल्यांचे आकडे बघायला लावतो आणि वर म्हणतो, बापू चिडचिड करायलेत. चिडचिड करणारच. त्याला आरामापेक्षा काम हवंय, आणि आपला अजून उपयोग आहे हे त्याला दिसायला हवंय. आमच्या शेजारच्या एका आबांनी तर सात घरांचे नमुने लावलेत. ओसरीवर एकवीस गुंडाळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. सकाळचा फोन आता लोक त्यांनाच करतात, "आबा, माझं किती उगवलं?" निमित्तानं त्यांचीही तब्येत कळते.

शरीराचंही बोलू. रोज राबणारा माणूस एकदम थांबला की सांधे धरतात, साखर वाढते, रात्री झोप लागत नाही. व्यायाम म्हणजे शहरी लोकांचं थेर, असं आपल्याकडं अजून समजतात. पण घरात थांबलेल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसानं अंगणात, माळवदावर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालायलाच पाहिजे. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे निरोगी माणसासाठी आहे. ज्याला ताप आहे, ज्याचा रिपोर्ट आलाय, त्यानं आराम करायचा. घामावाटे रोग निघून जातो म्हणत दारं धरायला जाणारे बहाद्दर मी बघितलेत. तसं करू नका. घरी असलेल्या रुग्णाची सहा मिनिटांची चाचणी करा. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा, परत बघा. ९४ च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीननं उतरला, किंवा चालताना धाप लागली, तर दवाखाना गाठा. आधीच ९४ च्या खाली असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर चालवूही नका, थेट न्या. सात घरांत मिळून एक ऑक्सिमीटर घेता येतो. वापरला की पुसून पुढं द्यायचा. तीही सावडच.

आता एक कडू बोलतो. "घरात बसून काय करायचं" हा प्रश्न मला एकाही बाईनं विचारलेला नाही. तिला प्रश्नच पडला नाही, कारण ती बसलीच नाही. सगळे घरात म्हणजे भाकरी जास्त, चहा जास्त, धुणं जास्त. घरात रुग्ण असला तर त्याचं ताट वेगळं, कपडे वेगळे, काढा वेगळा. पूर्वी खुरपायला गेल्यावर चार बायकांत मन मोकळं व्हायचं, गटाच्या बैठकीत तासभर बसायला मिळायचं. तेवढाही विसावा गेला. २०२० मध्ये याच गटातल्या बायकांनी राज्यभर मास्क शिवून दिले, तेव्हा त्यांच्याशिवाय चाललं नाही. तर दादांनो, वेळ जात नाही म्हणणाऱ्यानं आधी पाण्याची घागर उचलावी, गोठा झाडावा, भांडी घासावी. आणि घरातला मोठ्या पडद्याचा फोन संध्याकाळी अर्धा तास तिच्या हातात द्यावा. गटाची बैठक फोनवर होते. तिलाही माहेरी बोलायचं असतं.

२०२१ मध्ये पोरांच्या शाळा बंद होत्या. एका घरात एक फोन, त्यावर कधी अभ्यास, कधी गेम. त्यांना एक काम द्या. सरळ बाजूचा पत्र्याचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून लांब ठेवायचा. पाऊस पडला की आत पट्टी घालून मिलिमीटर मोजायचे आणि वहीत तारखेसह लिहायचे. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एकरावर चार हजार लिटरच्या वर. हे गणित पोराला एकदा रानात उभं राहून सांगा, पुस्तकातलं क्षेत्रफळ जन्मभर विसरणार नाही. हवामान खात्यानं २०२१ मध्ये ९८ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. पण तो देशाचा. आपल्या वस्तीवर पेरणीजोगा पाऊस झाला का हे पोराच्या वहीतच कळणार.

फोनचं भलंही तेवढंच आणि बुरंही तेवढंच. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकननं कोरोना होतो अशी अफवा फिरली. खोटी होती, पण तिच्यापायी पोल्ट्रीवाल्यांवर कोंबड्या फुकट वाटायची वेळ आली. ती अफवा पुढं ढकलणाऱ्यांत शेतकऱ्यांची पोरंही होती. म्हणजे आपल्याच बोटानं आपल्याच भावाचा धंदा बसवला. पुढं लसीबद्दल तसंच काहीबाही फिरलं. २०२१ मध्ये ४५ वर्षांवरच्यांना लस चालू होती. ज्या पोराला रील बघायला वेळ होता, त्यानं आजी-आजोबांची नोंदणी करून द्यायला आणि त्यांना केंद्रावर घेऊन जायला हवं होतं.

आणि हेही विसरू नका की २०२० मध्ये बाजार बंद असताना ज्यांचा माल पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट गेला, द्राक्ष असो, आंबा असो, भाजी असो, त्यांच्याकडं आधीपासून माणसांचे नंबर होते, ओळख होती. गावी परत आलेल्या पोराकडं शहरातल्या ओळखी आहेत, बापाकडं माल आहे. दोघं एका ओसरीवर बसलेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, असं घर बघितलं की मला वाईट वाटतं.

या पानावर कृषी विद्यापीठांतली, विज्ञान केंद्रांतली मंडळीही वाचतात. त्यांना हात जोडून एक सांगणं. ऑनलाइन व्याख्यानं भरपूर झाली, उपयोगीही आहेत. पण दीड तास पडदा बघायचा आणि शेवटी प्रश्नाला पाच मिनिटं, तोवर आमची रेंज गेलेली असते. त्यापेक्षा वीस शेतकऱ्यांचा साधा फोन गट घ्या. बटणाच्या फोनवरही चालेल असा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आम्ही विचारतो, तुम्ही सांगा. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावायचं का आधी जिवाणू संवर्धक, असे साधे प्रश्न असतात. बुरशीनाशक आधी, मग संवर्धक, सावलीत वाळवून पेरणी, एवढं उत्तर वेळेवर मिळालं तरी एखाद्याचं रान वाचतं.

काही जण म्हणतील, हे सगळं सरकारनं करायचं, आपण कशाला. सरकारनं करायचं ते मागत राहूच. बेड, ऑक्सिजन, लस, त्यात कसूर झाली तर बोलायचंही. पण शेजाऱ्याची धार काढायला कोणतंच सरकार येणार नाही. तो ताप लपवतोय हे ओळखायलाही येणार नाही. ते बांधाला बांध लागलेल्या माणसालाच कळतं.

मृग ७-८ जूनला लागतो.  आज गोणपाट भिजवलं तर पुढच्या आठवड्यात बियाण्याचा निकाल कळतो. आणि आज ज्याला फोन करायचा राहिलाय, त्याला हे वाचून झाल्या झाल्या लावा. भाऊबंदकीत बोलणं तुटलं असेल तरी लावा. बांधाचं भांडण पावसाळ्यानंतरही करता येईल.

तुमच्या वस्तीवर काय ठरवलंय ते लिहून कळवा. शंभरात किती उगवले तेही सांगा.